उन्हाचा पैरा

ऊन फुकट मिळतं असं ज्याला वाटतं, त्यानं शाहूवाडीच्या डोंगरात उंबरवाडीला येऊन एक हिवाळा काढावा. अकरा घरांची वाडी. ओढ्याच्या अलीकडं सहा घरं, पलीकडच्या चढाला पाच. अलीकडच्या घरांच्या पाठीशी, मावळतीला, सरळसोट कडा उभा. दिवाळी झाली की दुपारी अडीचलाच सूर्य त्या कड्याआड जातो आणि माणसं कानाला मफलर गुंडाळायला लागतात. पलीकडच्या चढाला मात्र पाच वाजेपर्यंत लख्ख ऊन. अलीकडचे पलीकडच्यांना 'दुबईवाले' म्हणत आणि पलीकडचेही ते नाव ऐकून मिशीत हसत.

तानाबाईचं घर अलीकडं, कड्याच्या अगदी बुडाला. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती सावली अंगावर घेतली होती आणि कधी तक्रार केली नव्हती. भात पिकत होतं, म्हैस दूध देत होती. नवरा जोतीराम कोल्हापूरला एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होता, तो पंधरा दिवसांतनं एकदा यायचा. सव्वीस वर्षं त्यानं साच्याची काळी वाळू चाळली, भरली, फोडली. तोंडाला रुमाल बांधायचा, पण घामानं गुदमरायला व्हायचं म्हणून सोडूनही टाकायचा. सगळेच सोडत. मग पन्नाशी उलटल्यावर त्याच्या छातीत ती वाळू बोलायला लागली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरून सांगितलं, फुप्फुसं दगड झाली आहेत आणि ह्याच्यावर औषध नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, हवेतनं ऑक्सिजन गाळून नळीवाटे नाकात सोडतं, चोवीस तास लावून ठेवा. जाता जाता ते एक गोष्ट आणखी बोलले, ती तानाबाईनं पदराला गाठ मारून ठेवावी तशी ठेवली. "बाई, धाप लागली म्हणून ओरडला तर घाबरू नका. गप्प झाला, झोपाळला, तर घाबरा."

मशीन आलं. घरगुती पिठाच्या गिरणीएवढं धूड आणि आवाजही तसाच. घरघर, घरघर, मध्येच फुस्स. त्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. दोघं नवरा-बायको ओरडून बोलायला शिकली. पावसाळा सोडला तर खालच्या शिवारात पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या की वाडीची लाईट कंदिलासारखी व्हायची आणि मशीन बंद पडून टी टी करत बसायचं. म्हणून गारगोटीला दिलेल्या लेकीनं, स्नेहलनं, नवऱ्याच्या मागं लागून घरावर सोलरची चार पॅनेलं बसवून दिली. खाली इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या. दिवसा उन्हावर मशीन चालायचं, बॅटरी भरायची, रात्री बॅटरीवर चालायचं. दिवाळीपर्यंत झकास चाललं. मग कड्यानं आपला हात दाखवला. अडीचलाच सावली, बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली, आणि पहाटे चारला टी टी सुरू. तानाबाई नवऱ्याला मागून धरून बसवायची आणि उजाडायची वाट बघायची.

पॅनेलं बसवणारा प्रसेनजीत बांबवड्याचा. हुशार, कामाचा, आणि आपण बसवलेली वस्तू चालत नाही म्हणजे स्वतःचंच नाक कापलं गेल्यासारखं वाटून घेणारा. तो अंगणात उभा राहून एकदा कड्याकडं आणि एकदा पलीकडच्या उन्हातल्या खळ्याकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, ऊन हिकडं येत न्हाय. मग ते हिकडं पाठवूया की."

ऊन पाठवायचं म्हणजे आरशानं. पलीकडं चिमणाबाईच्या खळ्यावर मोठे आरसे उभे करायचे आणि तिथलं ऊन ओढ्यावरनं ह्या छपरावर टाकायचं. त्यासाठी त्यानं दोन पॅनेलांची तोंडं फिरवून खळ्याकडं केली. आता एवढे मोठे आरसे आणायचे कुठनं? तर वाडीतल्या बायकांच्या लग्नात आलेली लोखंडी कपाटं होती, त्यांच्या दारांवरनं. चिमणाबाई पहिली उठली. साठीची बाई, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या कोंबड्या दचकाव्यात. तिनं स्वतः पान्यानं आपल्या कपाटाचा आरसा उतरवला आणि म्हणाली, "हेच्यात बघून मी आता काय दिवं लावनार हाय? जोतीबाला तरी उजेड पडूदे." ते बघून बाकीच्यांना माघार घेता येईना. एकूण आठ आरसे जमले. प्रसेनजीतनं ते लाकडी चौकटीत बसवले, चौकट एका खांबावर फिरती ठेवली आणि फिरवायला लांब दांडा लावला.

पण सूर्य काही उभा राहत नाही. चार मिनिटं झाली की छपरावरचा उजेड पॅनेलवरनं घसरून कौलावर जायचा. म्हणजे अडीच ते पाच एका माणसानं दांड्याला धरून उभं राहायचं आणि उजेड हाकत राहायचं. आता हे रोज कोण करणार? वाडीनं त्याला आपला जुना उपाय काढला. पैरा. भात लावायला आज अख्खी वाडी तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, हिशेबाची वही नाही, पण आलेला हात परत गेलाच पाहिजे. आणि ज्याचं काम त्याच्या घरचं माणूस त्या कामावर हजर पाहिजे, हा पैऱ्याचा कायदा. तानाबाईची सासू म्हणायची, पैरा अंगावर ठेवून मेलेल्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही. सासूचं सगळंच तानाबाईला पटायचं असं नाही, पण हे पटलेलं होतं.

मग पाळी लागली. एक दिवस शेजारचा म्हातारा ज्ञानू, एक दिवस चिमणाबाईचा लेक, एक दिवस आणखी कुणी. तानाबाई मात्र रोज, कारण काम तिचं. दुपारी जोतीरामला भात भरवायचा, नळी नीट करायची, उशाला पितळेची थाळी आणि चमचा ठेवायचा. "काय झालं तर वाजवा." आणि ओढा ओलांडून वर. कोल्हापुरात अंबाबाईच्या अंगावर मावळतीची किरणं येतात, त्या किरणोत्सवाला गर्दी लोटते. वाडीतली टवाळ पोरं ह्याला जोतीबाचा किरणोत्सव म्हणायला लागली. जोतीरामला ते कळलं तेव्हा तो हसला आणि त्याला दहा मिनिटं खोकला लागला.

पहिले तीन दिवस काहीच फरक पडला नाही. संध्याकाळी इन्व्हर्टरचे चारांतले दोनच हिरवे दिवे लागलेले. प्रसेनजीत फोनवरनं सांगायचा, जरा वर धरा, जरा डावीकडं धरा. वाडी हिरमुसली. चौथ्या दिवशी ज्ञानूनं आरसे राखेनं घासले, कागदानं पुसले, आणि त्या संध्याकाळी तानाबाई घरात येऊन बघते तर चारही दिवे हिरवेगार. पहाटे टी टी नाही. ज्ञानू वाडीभर सांगत सुटला, "सोलरवाल्याला काय कळतंय? राख लागतीया राख." त्या दिवसापासून रोज चार दिवे. ज्ञानूची कॉलर आठवडाभर खाली आली नाही.

आणि खरं सांगायचं तर तानाबाईला ते अडीच तास आवडायला लागले. आठ महिने ती त्या घरघरीत कोंडलेली होती. खळ्यावर ऊन होतं, बायका होत्या, चिमणाबाईच्या चहाड्या होत्या. तिसऱ्या घरच्या सुनेनं नवऱ्याला शेणाच्या पाटीत कसं बसवलं ही गोष्ट चिमणाबाईनं सांगितली, तेव्हा तानाबाई पोट धरून हसली, दांडा हातातनं सुटला आणि उजेड जाऊन ज्ञानूच्या म्हशीच्या डोळ्यावर पडला. म्हैस उधळली. त्यावर पुन्हा हसणं. आपल्याला अजून हसता येतं ह्याचंच तिला नवल वाटलं, आणि घरी आजारी माणूस असताना हसलो म्हणून जरा लाजही वाटली.

परत येताना ओढ्यात पाय घातला की ती हाळी द्यायची, "अवं, आली की वं." आतनं थाळीवर चमचा वाजायचा, टण टण. घरात शिरेपर्यंत मशीनची घरघर असायची आणि जोतीराम भिंतीला टेकून बसलेला असायचा.

"आज कशाला हसत हुतीस गं एवढी?" तो ओरडून विचारायचा.

"तुमास्नी कसं कळलं?"

"आलं की ऐकू. चिमणाक्काचं तर समदंच ऐकू येतं. म्हशीचं काय झालं, सांग की."

मग ती मशीनच्या वरताण आवाज काढून सगळं सांगायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. ओठ जरा निळे दिसायचे. विचारलं तर म्हणायचा, थंडी हाय. थंडी होतीच.

एकदा ती सुतळी न्यायला मध्येच घरी आली, चारच्या सुमाराला. हाळी दिली नव्हती. घर गप्प होतं. जोतीरामची मान छातीवर पडलेली. "अवं," म्हणून तिनं खांदा धरला तसा त्यानं डोळे उघडले, हात लांबवून बटण दाबलं आणि मशीन घरघरलं. "बाटलीतलं पानी बदलत हुतो," तो म्हणाला, "म्हून बंद केलतं." मशीनच्या बाटलीतलं पाणी रोज बदलावं लागतं हे खरं होतं. बाटली भरलेलीही होती. तिनं सुतळी घेतली आणि गेली.

पैरा मात्र तिला टोचत होता. तीस दिवस झाले, पस्तीस झाले. लोक तिच्यासाठी उन्हात उभे राहत होते आणि तिनं कुणाच्या वावरातली काडी उचलली नव्हती. कुणी बोललं नाही. न बोलल्यानं ते जास्त टोचतं. म्हणून चिमणाबाईच्या भाताची झोडणी निघाली तेव्हा तानाबाईनं आपणहून सांगितलं, "आक्का, मी येनार. आरसंबी तितंच, झोडणीबी तितंच. एका हातानं ऊन हाकीन, एका हातानं भात झोडपीन."

"तुझं तू बघ बाय," चिमणाबाई म्हणाली, "मी काय तुला न्हाय म्हनंना."

त्या दिवशी ती खरंच दोन माणसांचं काम करत होती. पेंढी फळीवर आपटायची, चार-सहा पेंढ्या झाल्या की पळत जाऊन दांडा सरकवायचा, छपरावर उजेड बसला की परत. अंगावर भुसा, केसांत भुसा, आणि अंग असं मोकळं झालेलं की पुन्हा पंचविशीत गेल्यासारखं. पाच वाजले. ऊन चढावरनंही गेलं. ज्ञानूनं आरशांवर पोतं टाकलं. एरवी ती ह्याच वेळी निघायची.

पण रास अजून व्हायची होती. भात वारवून, ढीग करून, त्याच्यावर हळदकुंकू वाहून, नारळ फोडून रास पुजायची. आणि रास पुजल्याशिवाय कामाच्या माणसानं खळं सोडायचं नाही. सोडलं तर रास उणी होते म्हणतात. तरी चिमणाबाई म्हणाली, "तू जा गं. घरात आजारी मानूस हाय तुझ्या. रास काय बोलनार न्हाय."

तानाबाईनं ओढ्यापलीकडं बघितलं. घर नेहमीसारखं. थाळी वाजली नव्हती. बॅटरी भरलेलीच असणार, आज तर आपण स्वतः उजेड धरला. मशीन चालू असणार. पस्तीस दिवसांत पहिल्यांदा आपला हात कुणाच्या तरी कामाला लागला आणि तो अर्ध्यावर कसा काढायचा? "ऱ्हाते की," ती म्हणाली. "एवढी रास बघूनच जाते."

वारवायला वेळ लागला, वारा पडला होता. दिवेलागणी झाली तेव्हा नारळ फुटला. प्रसादाचं खोबरं पदरात बांधून तानाबाई खाली उतरली आणि ओढ्यात पाय घालून तिनं हाळी दिली, "अवं, आली की वं."

टण टण झालं नाही.

तिनं परत हाळी दिली. मग ती पळाली. दारातनंच तिला दिसलं की इन्व्हर्टरचे चारही दिवे हिरवे आहेत. काठोकाठ भरलेली बॅटरी. आणि मशीन गप्प. जोतीराम भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर, नळी नाकातच, चमचा मांडीवर. ह्या खेपेला तिनं खांदा धरला तरी डोळे उघडले नाहीत. हात गार पडला होता.

तिनं बटण दाबलं नाही. तशीच त्याच्याजवळ बसली, आणि त्या गप्प घरात तिला पलीकडचं खळं ऐकू आलं. चिमणाबाई कुणाला तरी सांगत होती, "तानीनं आज दोन गड्यांचं काम केलं बघा." मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि बायका हसल्या. शब्द न् शब्द ऐकू येत होता. मशीन चालू असताना इथं शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, हे तानाबाईला तेव्हा आठवलं. तो रोज तिचं हसणं ऐकत होता.

मातीला प्रसेनजीत आला. तिसऱ्या दिवशी बॅटऱ्यांच्या तारा सोडवायला तो पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला घरात बसवलं आणि बॅटरी भरलेली असून मशीन बंद कसं, ते विचारलं. त्यानं मशीनच्या पाठीमागचा छोटा मीटर दाखवला. मशीन किती तास चाललं ते तिथं चढत जातं. आरसे लागले त्या दिवसाचा आणि चौथ्या दिवसाचा आकडा त्याच्या मोबाईलमध्ये होता. रोजचे अडीच-तीन तास कमी भरत होते. चौथ्या दिवसापासून.

"मावशी, आरशाचं ऊन पडत हुतं, खोटं न्हाय," तो खाली बघून म्हणाला. "पर आठ आरशांचं आठ तुकडं पडत हुतं. पॅनेलच्या डोक्याला ऊन आन पायाला सावली असली की सगळं पॅनेलच मुकं हुतंय. मला वाटलं तुमी नीट धरायला शिकलासा. रोज चार दिवं म्हटल्यावर मी काय म्हननार? पुरती वीज येत न्हाय हे काकास्नी कळलं असनार. इन्व्हर्टरवर आकडा दिसतोय, ते समोरच बसत हुतं."

"मग बोललं का न्हाईत?"

प्रसेनजीत तारा गुंडाळायला लागला. उत्तर तानाबाईलाच माहीत होतं. बोलला असता तर आरसे उतरले असते, वाडी शरमली असती, आणि ती परत ह्या घरघरीत येऊन बसली असती. म्हणून तो रोज तिची पाठ वळली की बटण बंद करायचा, म्हणजे येईल तेवढी वीज मशीन न खाता बॅटरीत साठायची, आणि तिची हाळी आली की दाबायचा. मधले अडीच तास झोप लागायची, ते हाळीनं जाग यायची. त्या दिवशी हाळी दीड तास उशिरा गेली. राग आला तिला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या हसण्यापायी श्वास मोजून देणारा तू कोण, मला विचारलंस का, असं ती त्याच्या रिकाम्या अंथरुणाला मनात बोलत राहिली, आणि मग तिचा बांध फुटला.

तेराव्याला पाहुणे जमले. ज्ञानू अंगणात सगळ्यांना सांगत होता, आरसे कसे जमवले, राख कशी लावली, पाळ्या कशा धरल्या. "डाक्टरनं हात टेकलं हुतं पावणं. पर ह्या वाडीनं चाळीस दिस जोतीबाला सूर्य धरून श्वास दिला." म्हातारा बोलता बोलता रडायला लागला. चिमणाबाईनं डोळ्याला पदर लावला. कोपऱ्यात प्रसेनजीत उभा होता, त्यानं तानाबाईकडं बघितलं. तिनं एकदाच 'नको' म्हणून मान हलवली. तो बाहेर जाऊन चपला शोधायला लागला.

"व्हय की न्हाय गं ताने?" ज्ञानूनं विचारलं.

"व्हय तर," तानाबाई म्हणाली. "वाडीनंच जगवलं त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी तिनं आठही आरसे चौकटीतनं काढले. एकेक पुसला, ज्याचा त्याच्या घरी नेऊन कपाटाला लावून दिला. स्क्रू पिळताना समोर तिचं तोंड यायचं, तेव्हा ती खाली बघायची. मग पैरा फेडायला निघाली. कुणाचं गवत कापायचं राहिलेलं, कुणाची शेणी थापायची, कुणाचा बांध घालायचा. लोक नको म्हणायचे, ती ऐकायची नाही. शिमग्यापर्यंत अकरांतल्या दहा घरांचा तिनं दिवसाला दिवस परत केला.

चिमणाबाईच्या खळ्यावर शेंगा फोडायला बायका बसल्या होत्या तेव्हाची गोष्ट. चिमणाबाईनं पुन्हा ती शेणाच्या पाटीची गोष्ट काढली, आणि ती अशी रंगवली की बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. तानाबाईलाही हसू आलं. आवरता आवरेना. तिनं ओढ्यापलीकडं, कड्याच्या सावलीतल्या आपल्या बंद घराकडं बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात धरून हसली, आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून.